बर्फवाल्याची लेक

लिफ्टमध्ये शिरलेला माणूस दाराकडे तोंड करून उभा राहतो. हे कुणी कुणाला शिकवलेलं नसतं. दार लागतं, मग प्रत्येक जण वरच्या लाल आकड्यांकडे किंवा मोबाइलकडे बघत आपला मजला यायची वाट पाहतो. मुलाणी मॅडम मात्र दाराकडे पाठ करून उभ्या राहत. आत जेवढी माणसं असतील तेवढ्यांच्या समोर त्यांचा चेहरा. ठेंगणा बांधा, सुती साडी, पदराला पिन, साडीखाली पांढरे बूट आणि चष्म्यामागे फळ्यावरून वर्गाकडे वळलेले असावेत तसे डोळे. आता कुणाला तरी उभं करून प्रश्न विचारणार, असं वाटायचं. आणि त्या विचारायच्याच.

आमची पहिली भेट अशीच झाली. पिंपळे सौदागरच्या त्या सोसायटीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. चाकणजवळच्या निघोज्याच्या कंपनीतून पहिली शिफ्ट करून मी बसने परतलो आणि लिफ्टमध्ये शिरलो, तर समोर या बाई.

"कितवा?"

"सातवा."

"म्हणजे माझ्याच वर्गात. आडनाव?"

"ढगे."

"गाव?"

"परभणी."

"परभणीत कुठं?"

"जिंतूर."

"मग जिंतूर सांगायचं की! जिंतूरचा माणूस परभणी सांगतो, चाकणचा माणूस पुणे सांगतो. मग गावात राहतं तरी कोण?"

मला हसू आलं, पण मी आकड्यांकडे बघत राहिलो. तेव्हा मी एकूणच कमी बोलायचो. कंपनीत लागलो तेव्हा 'काय करायलाव', 'कुठं निघालाव' असं तोंडून गेलं की पोरं माझीच नक्कल करून मला ऐकवायची. मग मी निम्मे शब्द गिळायला लागलो, आणि हळूहळू उरलेले निम्मेसुद्धा. सोसायटीत ते खपून जात होतं, कारण तिथे कुणीच बोलत नव्हतं. आयटीवाले त्यांच्या कॅबमधून यायचे, आम्ही कंपनीच्या बसमधून. दारं लागायची. सोसायटीचा एक मोबाइलवरचा ग्रुप होता, त्यावर रोज सकाळी फुलांची चित्रं पडायची. मॅडम म्हणायच्या, "ग्रुपवर सगळी आळी नांदतीय, आणि जिन्यात एक माणूस दिसंल तर शपथ!"

रागावल्या किंवा खुशीत आल्या की त्यांची पुस्तकी मराठी गळून पडे आणि चाकणची बोली वर येई. त्या मूळच्या चाकण गावठाणातल्या. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, आधी तिकडे, मग पिंपळे गुरवला. त्यांचे यजमान, मुलाणी सर, भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. आम्ही राहायला येण्याआधीच ते गेले. एक लेक, ती मिरजेला डॉक्टर. घरात मॅडम एकट्या आणि भिंतभर शब्दकोश.

एकटी बाई, पण तिच्या घरात कायम काही ना काही संपलेलं असायचं. आज लिंबू नाही, उद्या कढीपत्ता नाही, परवा स्क्रूड्रायव्हर हवा. बेल वाजली की माझी बायको रेखा दार उघडायच्या आधीच म्हणायची, "मॅडम असतील." एकदा मॅडम तापाने पडल्या म्हणून रेखा त्यांच्याकडे पेज करायला गेली. फ्रिज उघडला, तर खालच्या कप्प्यात पिशवीभर लिंबं. ताजी, पिवळीधम्मक. रेखाने ती पिशवी तशीच त्यांच्या उशाशी नेऊन ठेवली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

मॅडम तापातही हसल्या. "सापडलीस तू. अगं, नवीन माणसाकडं काही द्यायला गेलं ना, की तो संशय घेतो. हिला काय पाहिजे, असा. पण मागायला गेलं की तो मोठा होतो. लिंबू दिलेलं माणूस दुसऱ्या दिवशी आपण होऊन विचारतं, सरबत झालं का. ओळख देऊन होत नाही बाळा, मागून होते."

तोपर्यंत आमच्या घरातली किती लिंबं त्या फ्रिजमध्ये जमा झाली होती, ते रेखाने मला नंतर हसून हसून सांगितलं.

त्याच सुमाराला आमच्या कंपनीत बोलण्या-वागण्याचं प्रशिक्षण झालं. पुण्याहून टाय लावलेला एक ट्रेनर आला आणि इंग्रजीत म्हणाला, "चला, आइस-ब्रेकरने सुरुवात करू." मी इकडेतिकडे बघितलं, वाटलं, एखादं यंत्र दाखवणार. तर तो खेळ निघाला. प्रत्येकाने उभं राहून, आपण प्राणी असतो तर कोणता असतो, ते सांगायचं. कुणी वाघ झाला, कुणी गरुड. माझी पाळी आली तेव्हा तोंडून निघालं, "म्हैस." पुढे आठवडाभर डब्याच्या टेबलावर माझं तेच नाव होतं.

घरी येऊन मी हे रेखाला सांगत होतो. मॅडम तेव्हा आमच्याकडे वाटीभर गूळ मागायला आल्या होत्या. त्यांनी वाटी खाली ठेवली.

"ब्रेक द आइस. अर्थ सांग."

"बर्फ तोडणे," मी म्हणालो.

"पहिली गोष्ट, मराठीत बर्फ तोडत नाहीत, फोडतात. तोडायची ती भेंडी, तोडायचे ते संबंध. बर्फ फोडायचा, नारळ फोडायचा, गुपितसुद्धा फोडायचं. आता दुसरी गोष्ट. हा वाक्प्रचार आला कुठून?"

त्या खुर्चीत सरळ झाल्या. शिकवायला लागल्या की त्यांचं वय दहा वर्षांनी उतरायचं.

"थंडीच्या मुलखात नद्या गोठतात. खाड्या गोठतात. मालानं भरलेली जहाजं बंदराच्या तोंडाशी येऊन अडकतात. माल जहाजात, गिऱ्हाईक काठावर, आणि दोघांच्या मधे बर्फ. मग लहान, दणकट होड्या पुढं घालायच्या. त्या बर्फ फोडत वाट करायच्या आणि त्यांच्या मागून मोठी जहाजं आत शिरायची. बोलीत तो शब्द तिथून आला, असं सांगतात. म्हणून आधी त्याचा अर्थ होता, अवघड कामाला पहिला हात घालणं, मागच्यांना वाट करून देणं. अनोळखी माणसांमधलं अवघडलेपण घालवणं हा अर्थ नंतर चिकटला."

"आणि मराठीत काय म्हणायचं?" रेखाने विचारलं.

"आपल्या नद्या कुठं गोठतात? आपल्याकडं पाणी कोंडतं, वाट कोंडते. म्हणून आपण म्हणतो, कोंडी फोडणं. मुलूख बदलला की म्हण बदलते. माणसाची अडचण तीच राहते." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझ्या त्या ट्रेनरला सांग, वाघ-म्हैस करून बर्फ फुटत नसतो. बर्फ कसा फुटतो ते मला विचार म्हणावं. मी बर्फवाल्याची लेक हाय."

आणि हे खरंच होतं. त्यांच्या वडिलांची चाकणच्या बाजारात बर्फाची वखार होती. कारखान्यातून लाद्या यायच्या, त्या भुशात पुरून गोणपाटाखाली ठेवायच्या. लग्नसराईत, बाजाराच्या दिवशी सरबतवाले, दूधवाले रांग लावायचे. शाळेतून आलेली हमीदा, म्हणजे आमच्या मॅडम, परकर खोचून बर्फ फोडायचा टोकदार टोच्या हातात घ्यायची.

"एकदा मी घाईत हातोडाच घातला. लादीचा चुरा! गिऱ्हाईक चुरा घेत न्हाई. घरी जाईतो पाणी होतंय त्याचं. बाप ओरडला न्हाई. माझा हात धरला आन् म्हणाला, पोरी, बर्फाला ताकद लागत न्हाई, नेम लागतो. टोच्या टेकव, हलकं ठोक. पुन्हा ठोक. एक बारीक रेघ धरंल. ती रेघ दिसली की थांब. मग लादी आपण होऊन उकलती."

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल की बाईंचा नेम कधी चुकलाच नाही. पण चुकला. पाचव्या मजल्यावर अंकिता नावाची मुलगी नवऱ्याबरोबर नुकतीच राहायला आली होती, दोघंही हिंजवडीला कामाला. एका सकाळी भरल्या लिफ्टमध्ये मॅडमनी तिच्याकडे बघून विचारलं, "डोळे का गं सुजलेत? रडलीस?" अंकिता लाल झाली आणि मधल्याच मजल्यावर उतरून गेली. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये कागद लागला: 'कृपया रहिवाशांच्या खाजगी बाबींत लक्ष घालू नये.' नाव नव्हतं, पण नाव लिहायची गरजही नव्हती.

मॅडमनी तो कागद माझ्यासमोर वाचला. "बरोबर हाय," एवढंच म्हणाल्या. "हातोडा घातला मी. चुरा झाला." त्या दिवसापासून त्याही आमच्यासारख्याच दाराकडे तोंड करून उभ्या राहायला लागल्या. बेल वाजेना. गूळ नको, लिंबू नको. रेखा म्हणाली, "मजला कसा मुका झाल्यासारखा वाटतोय." मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि बेल न वाजवताच परत आलो.

नेमक्या त्याच दिवसांत सोसायटीत सोनटक्के फिरायला लागला.

आमच्या दोन इमारतींच्या मधे एक मोकळं मैदान होतं. फ्लॅट विकताना बिल्डरने दाखवलेल्या चित्रात तिथे झाडं, बाकं आणि मुलांची घसरगुंडी होती. प्रत्यक्षात मातीच होती, पण पोरं तिथे खेळायची. आमची लेक चिमी तिथेच सायकल शिकत होती. एक दिवस मैदानाभोवती पत्रे ठोकले गेले. आत फक्कीने रेघा मारल्या गेल्या. कळलं की तिथे दुकानांचे गाळे होणार. पण मंजूर आराखडा बदलायचा तर बिल्डरला रहिवाशांची लेखी संमती लागत होती, आणि ती गोळा करायला त्याचा माणूस, हा सोनटक्के, घरोघर हिंडत होता. कडक इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं, हातात मिठाईचा पुडा.

आमच्याकडे तो गुरुवारी आला. गुरुवारी कारखान्यांना सुट्टी, त्यामुळे मी घरी होतो.

"ढगे साहेब, बाकी सगळ्यांच्या सह्या झाल्यात. बी विंगमध्ये तुमची एकट्याची राहिलीय. तुमच्यामुळे सगळ्यांचं काम अडलंय बघा."

सगळ्यांनी केलीय म्हटल्यावर मी एकटा काय करणार होतो? मी पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून रेखाचा आवाज आला.

"समोरच्या मुलाणी मॅडमनी केली का?"

"केव्हाच! पहिली सही त्यांचीच."

"थांबा, विचारून येते."

"अहो, कशाला उगीच वयस्कर बाईंना त्रास," असं सोनटक्के म्हणेपर्यंत रेखा समोरच्या दारात पोचलीसुद्धा होती. मिनिटाभरात मॅडम आमच्या दिवाणखान्यात उभ्या. कितीतरी दिवसांनी मी त्यांना समोरून बघत होतो.

"मी सही केली? कुठल्या हातानं केली रं? दाव मला."

सोनटक्के गडबडला. यादी दुसरीकडे राहिली, गैरसमज झाला, असं काहीबाही पुटपुटत त्याने कागद गोळा केले. मिठाईचा पुडा टेबलावरच राहिला. मॅडमनी तो उचलला, त्याच्या मागे जिन्यापर्यंत गेल्या आणि त्याच्या हातात देऊन आल्या.

परत येऊन खुर्चीत बसल्या तेव्हा त्यांचा श्वास फुलला होता. "ढगे, कळलं का तुला? तो प्रत्येकाला हेच सांगत असणार. तुमची एकट्याची राहिलीय. त्याला पक्कं ठाऊक हाय, ह्या घरातलं माणूस त्या घरात इचारायला जात न्हाई. त्याचा धंदा आपल्या बंद दारांवर चाललाय."

"मग आता?" मी विचारलं.

त्यांनी पदराची पिन काढून पुन्हा लावली. लिफ्टमधला तो कागद त्यांच्या मनातून गेला नव्हता, हे दिसत होतं. मग रेखाकडे बघून म्हणाल्या, "कढीपत्ता हाय का गं तुझ्याकडं?"

"आहे की. देऊ?"

"नको. माझ्याकडंबी हाय. चला, दुसऱ्या कुणाकडं तरी मागू."

दुपारी रेखा आणि मॅडम, गुरुवारी आणि शिफ्टनंतर मी आणि मॅडम, असे आम्ही मजल्यामागून मजला फिरू लागलो. बेल वाजवायची, काहीतरी किरकोळ मागायचं, दोन शब्द बोलायचे. सोनटक्केचं नाव त्या पहिल्यांदा कधीच काढत नसत. गाव विचारायच्या, मुलांची शाळा विचारायच्या, आणि समोरचा "आत या ना" म्हणाला की मग सहज, "तो सह्यावाला आला होता का हो?" प्रत्येक घरात तेच उत्तर. आला होता. म्हणाला, तुमची एकट्याची राहिलीय. काहींनी सही करून टाकली होती आणि आता कपाळाला हात लावत होते. बऱ्याच जणांनी अजून केली नव्हती. ते घरात बसून स्वतःलाच अपराधी समजत होते.

ए विंगच्या नवव्या मजल्यावर चिपळूणचे सावंत राहायचे. कुणाशी बोलायचे नाहीत. त्यांच्या दारावर 'विक्रेत्यांना प्रवेश नाही' अशी पाटी. मॅडमनी बेल वाजवली आणि शिडी मागितली.

"शिडी नाय आमच्याकडे."

"मग स्टूल?"

"स्टूल पण नाय."

"मग पाणी तरी द्या. जिना चढून आले, तुमच्या विंगची लिफ्ट बंद आहे."

पाणी प्यायला आत गेलो, तर भिंतीला लागून कायद्याची पुस्तकं. सावंतांनी उभा जन्म वकिलांच्या कचेरीत काढला होता. मॅडमनी हकिगत सांगितली तसे ते खुर्चीत पुढे सरकले. "अहो, संमतीशिवाय तो दगडसुद्धा हलवू शकत नाय. आणि खोटं सांगून घेतलेली सही मागे घेता येते. मी लिहून देतो मजकूर. दोन वर्षं झाली हो मला इथे येऊन. कोणी विचारलं असतं तर सांगितलं नसतं काय?"

खाली उतरताना मॅडम म्हणाल्या, "बघितलंस? औषध नवव्या मजल्यावर होतं आणि दुखणं सगळीकडं."

पाचव्या मजल्यावर मात्र त्या गेल्या नाहीत. म्हणाल्या, "तिथं रेखानं जायचं. मी न्हाई." रेखा गेली. अंकिताने सगळं ऐकून घेतलं आणि दार लावायच्या आधी विचारलं, "मॅडम का नाही आल्या?" रेखाने खरं तेच सांगितलं. संध्याकाळी अंकिता मॅडमच्या दारात उभी होती. "वाटीभर साखर मिळेल का?" तिने विचारलं. दोघी आत काय बोलल्या ते मला ठाऊक नाही. पण ती साखर घेऊन बाहेर पडली तेव्हा बराच वेळ गेला होता आणि तिचे डोळे पुन्हा सुजलेले होते, आणि या वेळी मॅडमचेही.

बिल्डरने रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सभा बोलावली; त्या आठवड्यात माझी दुपारची शिफ्ट होती. नेहमीच्या सभेला मोजकी डोकी यायची, तेवढ्यांपुरती नाश्त्याची खोकी त्याने आणली होती. आदल्या दिवशी मॅडमनी मला बोलावून घेतलं.

"उद्या पहिला तू बोलायचंस."

"मी? मॅडम, तुम्ही असताना?"

"मी बोलले तर म्हणतील, म्हातारीला सवयच हाय. तू बोललास तर सगळे ऐकतील, कारण तुझा आवाज इथं कुणी ऐकलेलाच न्हाई."

"माझी भाषा..."

"काय झालं तुझ्या भाषेला? जिंतूरची हाय ना? जिंतूरातच बोल."

रविवारी पार्किंगमध्ये उभं राहायला जागा उरली नाही. गाड्या बाहेर काढाव्या लागल्या. बायका पायऱ्यांवर, म्हातारे खुर्च्यांवर, पोरं भिंतीवर. बिल्डर स्वतः आला होता. गर्दी बघून त्याने सोनटक्केकडे बघितलं आणि सोनटक्केने खोक्यांकडे. पडद्यावर रंगीत चित्रं दाखवून झाली. बिल्डर म्हणाला, "बहुतेकांनी संमती दिलेलीच आहे. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा."

एवढी माणसं, घरात बसून तावातावाने बोललेली, आणि सगळे खाली बघत होते. मी मॅडमकडे बघितलं. त्या पहिल्या रांगेत हातावर हात ठेवून बसल्या होत्या. मागे वळल्या नाहीत, खूण केली नाही.

मी उभा राहिलो.

"मी ढगे. बी विंगला सातव्या मजल्यावर राहायलोय. मला एकच विचारायचंय, पण साहेबांना नाही, तुम्हा सगळ्यांना. हे सोनटक्के साहेब माझ्या घरी येऊन म्हणायलेत की सगळ्यांच्या सह्या झाल्या, तुमचीच राहिली. असं ज्याला ज्याला सांगितलंय, त्यानं हात वर करा."

माझं बोलणं ऐकून कुणी हसलं नाही. मग पायऱ्यांवरून एक हात वर गेला, अंकिताचा. तिच्या शेजारी तिच्या नवऱ्याचा. मग सावंतांचा. मग या कोपऱ्यातून, त्या कोपऱ्यातून, आणि बघता बघता सगळं पार्किंग हातांनी भरलं. लोक हात वर ठेवूनच एकमेकांकडे बघत होते. "तुम्हालापण?" "अहो, आम्हालापण!" एक जण हसला, दुसरा हसला, आणि मग जो कल्ला उठला तो वरच्या मजल्यापर्यंत गेला असेल. आपल्याला एकट्याला गाठलं होतं, आणि आपण एकटे नव्हतो, हे त्या सगळ्यांना एकाच वेळी कळलं होतं.

सावंत पुढे आले. सही मागे घेणाऱ्यांची पत्रं त्यांच्याजवळ तयार होती. त्यांनी ती बिल्डरच्या हातात दिली आणि शांतपणे कायदा सांगितला. सोनटक्के "गैरसमज, गैरसमज" म्हणत होता. त्याच्याकडे आता त्याचा मालकही बघत नव्हता.

"मी विचार करून कळवतो," बिल्डर म्हणाला.

तेव्हा मॅडम पहिल्यांदा बोलल्या. "करा की सावकाश इचार. आमी समदी हितंच हाय."

महिना उलटायच्या आत पत्र आलं. गाळ्यांचा बेत रद्द. पत्रे मात्र त्याने तसेच ठेवले, सवडीने काढू म्हणाला. आम्ही सवडीची वाट बघितली नाही. गुरुवारी सकाळी कारखान्यांत कामाला असलेले आम्ही सगळे नट खोलायचे पाने घेऊन उतरलो. घरून काम करणारे आयटीवाले पत्रे धरायला आले. नट सुटत होते, पत्रा धाडकन पडत होता, आणि प्रत्येक पत्र्याला गॅलऱ्यांमधून टाळ्या. ज्यांनी माझी कंपनीत नक्कल केली होती त्यांतला एक जण ए विंगलाच राहतो हे मला त्या दिवशी कळलं. त्याने दुसऱ्या टोकाने पत्रा उचलला आणि म्हणाला, "ढगेभाऊ, काय बोलला राव तुम्ही त्या दिवशी!" शेवटचा पत्रा निघाला तशी चिमी सायकल घेऊन आत घुसली, आणि तिच्यामागे दोन्ही इमारतींची पोरं. मॅडम प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, कुणाचा पाना उलटा लागलाय ते ओरडून सांगत होत्या.

पुढे दोन वर्षांनी त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि मिरजेहून लेक न्यायला आली. मॅडमनी बरीच कुरकुर केली, पण नातवाचं नाव निघाल्यावर तयार झाल्या. जायच्या आदल्या दिवशी सोसायटीने मैदानात समारंभ ठेवला. अध्यक्ष सावंत. त्यांनी शाल आणली होती.

"मे महिन्यात शाल?" मॅडम म्हणाल्या. "सावंत, निरोप द्यायचाय का उकडून मारायचंय?" शाल त्यांनी लेकीच्या खांद्यावर टाकली. भाषणं सुरू झाली तशी दुसऱ्याच वक्त्याला खाली बसवलं. "माझ्याबद्दल मला काय सांगताय? मला सगळं ठाऊक आहे. आचारी ताटकळलाय, पानं मांडा."

मैदानात पंगत बसली. बिल्डरने मारलेल्या फक्कीच्या रेघा पावसाने पुसल्या होत्या, पण कुठे कितव्या नंबरचं दुकान होणार होतं ते सगळ्यांना पाठ होतं. पोरं तर क्रिकेट खेळताना अजूनही 'मेडिकलच्या पलीकडे गेला की चौकार' असंच म्हणतात. अंकिता भात वाढत होती, कडेवर सहा महिन्यांचा मुलगा. रेखा आमटी घेऊन फिरत होती. मॅडमना सगळ्यांनी बजावलं होतं, बसून राहा, गुडघे दुखतील. त्या पाचएक मिनिटं बसल्या. मग उठल्या, माझ्या हातातलं जिलबीचं ताट ओढून घेतलं आणि लंगडत लंगडत पंगतीतून निघाल्या.

"घे रं, लाजतोस काय?" एकेकाच्या पानात त्या जिलबी टाकत होत्या. टोकाला बसलेल्या सावंतांनी पानावर आडवा हात धरला. "पुरे हो मॅडम, नाय जात आता."

मॅडमनी कमरेवर हात ठेवला. त्यांचा आवाज दोन्ही इमारतींच्या भिंतींवर आपटला आणि सगळी पंगत घास हातात धरून हसायला लागली.

"ओ दुकान नंबर सात! हात काढा बाजूला. गिऱ्हाईक परत पाठवायचं नसतं!"